भाऊ द्राक्षबागेत फवारणी करतो, मूल राहत नाहीये, औषधामुळेच का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात तीन प्रश्न एकात एक गुंतलेत. तुम्ही घाटकोपरला राहता, भाऊ आणि वहिनी दिंडोरीकडे द्राक्षबागेत रोजाने कामाला आहेत, भाऊ सहा वर्षं फवारणीवर आणि वहिनी बागेतल्या बाकीच्या कामांवर. लग्नाला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी एकदा दिवस राहिले ते नवव्या आठवड्यात गेले, त्यानंतर काहीच नाही. १८ डिसेंबरला भावाचा सीमेन रिपोर्ट काढला, काउंट (शुक्राणूंची संख्या) ९ मिलियन आणि मोटिलिटी (हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण) ३० टक्के आली. गावात कुणी म्हणालं की औषधाच्या वासाने माणूस कायमचा बाद होतो, आता काम सोडूनही उपयोग नाही, आणि दुसरा कुणीतरी बारा हजारांचं शरीरशुद्धीचं किट गळ्यात मारायला बसलाय. तुम्ही विचारताय की हे फवारणीमुळेच झालं का, बरं होईल का, आणि त्याला काम सोडायला लावू का.

पहिल्याचं उत्तर "असू शकतं, पण एकट्या माणसाच्या बाबतीत ते सिद्ध करता येत नाही" असं आहे, दुसऱ्याचं "बऱ्याचदा सुधारतं, पण वेळ लागतो". तिसऱ्याला मात्र हो किंवा नाही असं उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही, कारण रोज बुडाला तर घर कसं चालणार हे मी इथे मुंबईत खुर्चीत बसून सांगू शकत नाही. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन वाचा.

बावीस वर्षं मी मूल न होणाऱ्या जोडप्यांचीच ओपीडी करतेय. निम्मे पेशंट लोकलने येतात, बाकीचे बाहेरगावचे, नाशिककडचे सकाळची पंचवटी पकडून, डहाणू-पालघरचे वेस्टर्नने, पेण-अलिबागचे एसटीने. शेतीशी माझा संबंध काय तो केसपेपरवरचा, आणि खरं सांगायचं तर पहिली आठदहा वर्षं तोही नव्हता, म्हणजे व्यवसायाच्या रकान्यात आम्ही "शेतमजूर" असं लिहायचो आणि पुढच्या प्रश्नाला जायचो, शेतमजूर म्हणजे दिवसभर नक्की काय करतो हे विचारायचं डोक्यातच यायचं नाही.

मग डहाणूकडचं एक जोडपं आलं. तो मिरचीच्या वाडीत पाठीवरच्या पंपाने फवारणी करायचा. दोन रिपोर्ट खराब, बाकी हार्मोन नॉर्मल, व्हेरिकोसील (अंडकोशातल्या शिरा फुगणं) नाही, दारू नाही, लहानपणी गालगुंड झालेले नाहीत. मी पेपरवर "कारण सापडत नाही" लिहून मोकळी झाले होते. तिसऱ्या खेपेला बायको एकटीच आली रिपोर्ट न्यायला, आणि जाताजाता दारात थांबून म्हणाली, "मॅडम, त्यांची चड्डी मी वेगळी धुते, वाळली की पापडासारखी कडक होते, चालतं ना?" तिला परत बसवलं. पुढच्या वेळी तो आल्यावर म्हटलं, पंप कसा घेतोस ते करून दाखव. त्याने माझीच पर्स पाठीला लावली आणि वाकून दाखवलं. सोळा लिटरचा पंप, झाकणाचा वायसर गेलेला, वाकलं की झाकणातून गळतं, ओघळ पाठीवरून कमरेला आणि तिथून चड्डीत. दिवसाला दहाबारा पंप मारायचा, ती ओली चड्डी अंगावरच वाळायची. तोंडाला मात्र रुमाल न चुकता बांधायचा, कारण "वास लई वाईट असतो". चूक त्याची नव्हती, त्याला सगळ्यांनी वासाचीच भीती घातली होती, आणि मी तर तेवढंही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी औषधाच्या वासाबद्दल कमी आणि कपड्यांबद्दल जास्त विचारते. शेतात फवारणी करताना बहुतेक औषधं अंगात जातात ती कातडीतून, नाकातून त्या मानाने कमी. आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. १९७१ साली अमेरिकेत पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक माणसांच्या वेगवेगळ्या जागी लावून किती आत जातं ते मोजलं होतं. कोपराखालच्या हातातून नऊ टक्क्यांच्या आसपास गेलं, कपाळातून त्याच्या चौपट, काखेतून सातपट, आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच, म्हणजे हाताच्या बारापट. म्हणजे हाताला शिंतोडे उडाले तर माणूस लगेच धुतो, पण जिथून सगळ्यात जास्त आत जातं ती जागा दिवसभर ओली ठेवतो. तुमच्या भावाला पहिला प्रश्न हाच विचारा, संध्याकाळी घरी येतो तेव्हा पँट मांडीला आणि जांघेत ओली असते का. लाजेल, वहिनीला विचारायला सांगा, कपडे तीच धूत असेल.

द्राक्षबागेत पाठीवरचा पंप आता कमी, बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरचा ब्लोअर नाहीतर एचटीपीची, म्हणजे जोराच्या दाबाच्या पंपाची, गन असते. ब्लोअर असेल आणि ट्रॅक्टरला केबिन नसेल तर चालवणारा स्वतःच उडवलेल्या धुक्यात बसलेला असतो. गन असेल तर वर मांडवाकडे तोंड करून मारतात, ते परत अंगावर येतं. पण जिच्याकडे लक्षच जात नाही अशी धोक्याची वेळ वेगळीच आहे, ती म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रममध्ये औषध कालवतानाची, कारण तेव्हा ते पाणी न घातलेलं, अस्सल असतं. हाताने ढवळतो का, बाटलीचं सील दाताने काढतो का, पावडरीचा पुडा फाडून वाऱ्याकडे तोंड करून ओततो का, हे विचारा. "मी तर फक्त कालवून देतो, मारतो दुसरा" असं म्हणणारे पेशंट मला भेटलेत आणि स्वतःला सेफ समजत होते.

आता औषध कुठलं यावर येऊ, कारण इथेच लोकांचा आणि कधीकधी डॉक्टरांचाही अंदाज चुकतो. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा. लोक समजतात लाल म्हणजे डेंजर आणि हिरवा म्हणजे निर्धास्त. तो रंग ठरतो ते औषध पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती मात्रेत जीव घेईल त्यावर. मूल होण्यावर, गर्भावर, हार्मोनवर काय परिणाम होईल हे त्या रंगात कुठेच नाही. द्राक्षात डावणी आणि भुरी या दोन बुरशांसाठी जी औषधं सतत मारली जातात त्यातली बरीचशी हिरव्या नाहीतर निळ्या त्रिकोणाची. उलटी होत नाही, चक्कर येत नाही, फारसा वासही नाही, म्हणून माणूस उघड्या हाताने हाताळतो. मँकोझेब घ्या, पिवळट पावडर, नाशिकच्या बागेत कुणाला माहीत नाही असं नाही. युरोपियन युनियनने डिसेंबर २०२० मध्ये त्याची मंजुरी पुढे वाढवली नाही आणि त्याच्या कारणांत प्रजननाला घातक हे एक होतं. कार्बेन्डाझिम दुसरं, त्याने लॅबमधल्या उंदरांत वृषणातल्या शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींनाच इजा होते. भुरीवरच्या काही ट्रायझोल औषधांबद्दलही प्राण्यांवरच्या अभ्यासात शंका आहेत. आता लगेच घाबरू नका, लॅबमधला उंदीर आणि बागेतला माणूस यात मात्रेचा मोठा फरक असतो. माझं म्हणणं एवढंच की भाऊ म्हणेल "आमच्याकडे विषारी औषध नाही, सगळं बुरशीनाशक आहे" तर तेवढ्यावर विषय बंद करू नका.

आणि दुसरीकडे ज्यांचा वास येतो ती, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. त्यांचा झटका लगेच दिसतो, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, घाम, पोटात कळ, धाप. २०१७ ला यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. पण जो माणूस मरत नाही, पडत नाही, नुसता हळूहळू निपुत्रिक राहतो त्याची बातमी कुठे होते? त्याच्या बायकोला नावं ठेवली जातात, बस. यात मोनोक्रोटोफॉसवर २०२३ ला बंदीचा आदेश निघाला, एंडोसल्फान या वेगळ्या गटातल्या कीटकनाशकावर २०११ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, पण गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा असतोच, त्यामुळे तेही बघून घ्या.

माणसांतला सगळ्यात स्पष्ट दाखला सांगते, कारण त्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींवरचं औषध) बनवणाऱ्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच इतक्यात मूल झालेलं नाही. तपासलं तर कित्येकांचे शुक्राणू कमी आणि काहींचे शून्य. कुणीही आजारी नव्हतं, सगळे धडधाकट कामावर येत होते. पुढे त्या कामापासून लांब गेल्यावर ज्यांचा काउंट नुसता कमी होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा सुधारला, पण जे शून्यावर पोचले होते त्यातले अनेकजण तसेच राहिले. हे औषध तुमच्या भावाच्या बागेत नाही, भारतातही ते बंदीच्या यादीत आहे. पण मी त्यावरून एवढं शिकले की काउंट कमी असताना हात काढून घेणं आणि शून्य झाल्यावर काढणं यात फार फरक आहे. भाऊ ९ वर आहे. म्हणजे "आता उपयोग नाही" म्हणणारा गावकरी चुकतोय.

त्या ९ बद्दल थोडं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा मिलीलिटरला १६ मिलियन आणि एकूण मोटिलिटी ४२ टक्के दिली आहे. ही मर्यादा काढली कशी, तर ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे घेऊन, त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेघ तिथे आली. म्हणजे १६ च्या खाली असूनही बाप झालेले पुरुष त्याच यादीत आहेत. ९ म्हणजे "होणार नाही" असं नाही, "वेळ लागेल आणि कारण शोधा" असं आहे. शिवाय एका रिपोर्टवर मी कधीच निकाल देत नाही. आधी किती दिवसांचं अंतर होतं (दोन ते सात दिवस हवं), सॅम्पल घरून आणताना थंडीत तासाभराच्या वर गेला का, थोडं सांडलं का, हे सगळं विचारायचं असतं.

आणि आता तारीख, जी तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर नळीतून बाहेर यायला आठदहा दिवस ते दोन आठवडे, म्हणजे अडीच-तीन महिने धरा. १८ डिसेंबरचा रिपोर्ट म्हणजे सप्टेंबरअखेर ते डिसेंबर या काळातल्या शरीराचा फोटो आहे. आणि हा काळ द्राक्षवाल्यांना विचारा काय असतो, गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झाली की डावणीसाठी फवारण्या, पाऊस पडला तर दिवसाआड, ढग आले तर रोजसुद्धा. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट तीन महिन्यांचा रिपोर्ट काढून सगळे रडताय. त्यात पावसाळ्यात भावाला डेंग्यू, चिकुनगुन्या, नुसता जोराचा ताप जरी आला असेल तरी काउंट दोनतीन महिने खाली जातो, तेही विचारा.

म्हणून मी दुसरा रिपोर्ट कधी काढायचा ते बागेच्या कॅलेंडरवरून ठरवते. माल काढणीला आला की फवारण्या थांबतात, कारण अंश राहिले तर माल परत येतो, व्यापारी घेत नाही. गंमत बघा, मण्यावर औषध राहू नये म्हणून दिवस मोजतात, माणसावर राहू नये म्हणून कुणी मोजत नाही. तुमच्या भावाची शेवटची फवारणी समजा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होणार असेल, तर तिथून तीन महिने धरून एप्रिलच्या मध्यात रिपोर्ट काढा. मधल्या काळात काढणी, पॅकिंग, माल भरणं ही कामं करू द्या. फक्त एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या (माल काढल्यावर करतात त्या छाटणीनंतरच्या) फवारण्यांच्या आधी रिपोर्ट झाला पाहिजे, नाहीतर परत तेच. तो रिपोर्ट चांगला वर आला तर त्याचा अर्थ औषध हेच कारण होतं असा पक्का होत नाही, आकडे एरवीही खालीवर होतात, पण पुढच्या सीझनला काय करायचं ते ठरवायला तेवढं पुरतं.

आता वहिनी. तुमच्या पूर्ण प्रश्नात तिला औषध लागतं का याबद्दल एकच ओळ आहे, "वहिनी फवारणी करत नाही, ती सेफ आहे". ताई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ती बागेत काय करते ते मला अंदाजाने सांगता येईल: फेलफुटी (जादा फुटवे) काढणं, पानं काढणं, विरळणी, घड जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवायचं संजीवक) बुडवणं. हे सगळं हात डोक्याच्या वर करून. मांडव डोक्याच्या उंचीला, काल संध्याकाळी फवारणी झाली, आज सकाळी सात वाजता पानावर दव, ते दव औषधासकट मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत. वर काखेचा आकडा दिलाय तो आठवा, सातपट. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, ती तर हाताला भाजते, आणि तीही युरोपच्या यादीत प्रजननाला घातक असल्याचा संशय असलेल्यांत आहे. (भाऊ पेस्टच्या दिवशी संध्याकाळी दारू घेत असेल तर तोंड लाल होऊन छातीत धडधडतं, ते त्यामुळेच, ते वेगळं सांगायला नको.) घरी आल्यावर भावाचे औषधाचे कपडे हाताने घासणारीही तीच. फवारणारा निदान दिवसाचे चार तास औषधात असतो, तिचा आठ तासांचा हिशोब कुणी धरतच नाही.

गर्भपाताबद्दल मात्र तिने स्वतःला किंवा बागेला लगेच दोष देऊ नये असं मला वाटतं. दिवस राहिल्याचं कळलेल्या दर शंभर बायकांत दहापंधरा जणींचं पहिल्या तीन महिन्यांत जातं, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक झालेली असते, तिने काही केलं म्हणून नाही. औषधांच्या संपर्काने गर्भपाताचा धोका वाढतो असं काही अभ्यासांत दिसलंय, कॅनडात ऑन्टारिओच्या शेतकरी कुटुंबांवर झालेल्या कामात तर दिवस राहण्याच्या आधीच्या संपर्काचाही संबंध दिसला, पण एकदा गेलं म्हणजे औषधानेच गेलं असं म्हणता येत नाही. दोनदा गेलं तर तपासण्या नीट करू.

तिच्यासाठी वेळेचं गणित भावापेक्षा उलटं आहे. त्याचे मागचे तीन महिने महत्त्वाचे, तिचे पुढचे चार आठवडे. बाळाच्या मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ धरल्यापासून २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकली, आठवडाभर "उशीर झाला असेल" म्हणून थांबली, मग टेस्ट केली, तोवर ते काम आटोपत आलेलं असतं. आणि आपल्याकडे काम कधी सोडवतात? पाचव्या महिन्यात, पोट दिसायला लागल्यावर. म्हणून प्रयत्न सुरू केले त्याच महिन्यापासून तिने ओल्या बागेत जायचं नाही, पेस्ट आणि कालवण तर नाहीच, आणि फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. पुढेही, म्हणजे दिवस राहिल्यावर, ऑर्गॅनोफॉस्फेटपासून लांब. कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या खोऱ्यात शेतमजूर आयांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलाय, गरोदरपणात ज्यांच्या लघवीत या औषधांचे अंश जास्त होते त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षी बुद्ध्यांक सरासरीने कमी आला. दूध पाजायला मात्र घाबरू नका, हा प्रश्न मला हमखास येतो, अंगावरच्या दुधाचा फायदा फार मोठा आहे, ते सोडायचं कारण नाही.

काम सोडण्याबद्दल. माझ्या अनुभवात "काम सोडा" म्हटलं की पेशंट मान हलवतो, आणि पुन्हा येतच नाही. त्यापेक्षा "तीन महिने कालवणं आणि मारणं सोडून दुसरं काम मागा" हे जमतं. मालकाशी बोलताना मूल होत नाही हे सांगायची गरज नाही, डॉक्टरने कातडीचा त्रास सांगितलाय म्हणा, चिठ्ठी मी देते तशी तिकडचा कुणीही डॉक्टर देईल. फवारणीला रोज जास्त मिळतो हे मला माहीत आहे, त्या फरकाचा हिशोब तुम्ही, भाऊ आणि वहिनी तिघांनी बसून करा, तीन महिन्यांचा फरक त्या बारा हजारांच्या किटपेक्षा कमी निघण्याची शक्यता आहे.

आणि फवारणी करावीच लागली तर निदान इतकं, आणि हे मी महाग सूट वगैरे सोडून सांगतेय कारण तो एप्रिलच्या उन्हात कुणी घालत नाही. कमरेखाली रेनकोटची पँट, सकाळी लवकर मारायचं म्हणजे उकडत नाही. कालवताना नायट्राईलचे हातमोजे, कापडी नकोत, कापड औषध शोषून कातडीला लावूनच ठेवतं, आणि रोज आतूनबाहेरून धुवायचे. ढवळायला काठी. गळका वायसर त्याच दिवशी बदलायचा, दहावीस रुपयांचा असतो. तंबाखू-बिडी काढायच्या आधी साबणाने हात. काम झालं की बागेतल्याच नळावर अंघोळ, घरी येऊन नाही, आणि जांघ आणि काख साबणाने. कपडे वेगळ्या बादलीत, धुताना वहिनीच्या हातात मोजे. रुमाल बांधतो तो बांधू दे, पण बाकीचं सोडून नुसता रुमाल नको.

तपासण्यांचं सांगते म्हणजे कुणी फसवणार नाही. भावाची एकदा अंगाची नीट तपासणी व्हायला हवी, व्हेरिकोसील बघायला, ते कितीतरी पुरुषांत असतं आणि फवारणीच्या नादात राहून जातं. रक्तातले एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन. दुसऱ्या रिपोर्टमध्ये काउंट ५ मिलियनच्या खाली गेला तरच गुणसूत्रांच्या तपासण्यांचा विचार करायचा. वहिनीचं हिमोग्लोबिन, शुगर आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) करा, टीएसएच मी मुद्दाम म्हणतेय कारण मँकोझेबपासून जो पदार्थ तयार होतो त्याचा थायरॉईडवर परिणाम होतो. रक्तातलं कोलिनेस्टेरेज कुणी सांगितलं तर ते ऑर्गॅनोफॉस्फेटचा झटका बसलाय का ते बघण्यासाठी असतं, मूल होण्याचं त्यावरून काही कळत नाही, आणि बुरशीनाशकांचं तर अजिबात नाही. "शरीरातलं औषध मोजून देतो" म्हणणाऱ्या महागड्या पॅनेलवर पैसे घालू नका.

किटचं तर सोडूनच द्या. शुक्राणूंसाठी अँटिऑक्सिडंट गोळ्यांची नीट घेतलेली एक चाचणी अमेरिकेतून २०२० ला छापून आली, खोट्या गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. शरीर ही औषधं स्वतःच यकृत आणि लघवीतून बाहेर टाकतं, आजकालची बहुतेक काही दिवसांतच. बाहेर काढायला काही घ्यावं लागत नाही, फक्त रोज नवीन आत घालणं थांबवावं लागतं. त्यापेक्षा भावाची मिशरी आणि तंबाखू सुटली तर जास्त मिळेल, ती आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण नऊ मिलियनवाल्या दहांत सात जणांच्या खिशात मला पुडी सापडते, त्यामुळे विचारून ठेवते. आयव्हीएफचं एवढ्यात कुणी बोललं तर एप्रिलचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. वहिनी सव्वीस वर्षांची आहे म्हणालात, तीन महिने थांबल्याने तिचं काही बिघडत नाही. पस्तिशीची असती तर मी असं म्हटलं नसतं.

एक काम आजच करा. भावाला फोन करून सांगा, शेडमध्ये जेवढ्या बाटल्या, पुडे आणि डबे आहेत त्या सगळ्यांचे फोटो काढ, पुढचा चेहरा नको, मागचं बारीक अक्षरातलं लेबल, जिथे घटक लिहिलेले असतात. रिकाम्या बाटल्यांचेही. कोपऱ्यात एखादी बिनलेबलची असेल तर तिचा वेगळा फोटो आणि ती कुठून आणली ते. दुकानदाराने पावतीवर नुसतं कंपनीचं नाव लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. ते फोटो आणि डिसेंबरचा रिपोर्ट घेऊन नाशिकलाच एखाद्या चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दोघं एकत्र जाऊ देत, मुंबईला यायची गरज नाही, गाडीभाडं वाचवा. आणि डॉक्टरने काम काय करता विचारलं नाही, तर वहिनीला आधीच सांगून ठेवा, चड्डीचं तिने स्वतःहून बोलायचं.